कमी उत्पन्नात मानसोपचार कसा निभवावा: वर्षभराचा हिशेब आणि त्यातल्या पायऱ्या

मानसिक आजाराचा उपचार परवडत नाही असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तज्ज्ञाची तपासणी फी येते. बेताच्या उत्पन्नाच्या घरांत मात्र उपचार सुटतो तो बहुधा पहिल्या फीपाशी नाही. पहिल्या भेटीचे पैसे कोठून तरी उभे राहतात. कोणी उसने देते, कोणी नातेवाईक हातभार लावतो. पुढच्या दोन-तीन महिन्यांत गोळ्या, प्रवास आणि बुडालेली मजुरी यांची बेरीज अंगावर येऊ लागते, आणि नेमक्या त्याच सुमारास रुग्णाला थोडे बरे वाटू लागलेले असते. ‘आता बरे आहे, मग खर्च कशाला?’ हा विचार त्या घडीला शहाणपणाचा वाटतो. गोळ्या बंद होतात, काही आठवड्यांनी आजार उलटतो आणि झालेला सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. म्हणून उपचार निवडताना पाहायचे ते पहिली भेट किती स्वस्त पडली हे नाही, तर ठरवलेला उपचार वर्षभर निभेल का हे. पुढच्या सर्व पायऱ्या याच एका प्रश्नाभोवती आहेत.

एक अपवाद आधीच सांगितला पाहिजे. जीव द्यावासा वाटत असेल, कोणाला इजा कर असे सांगणारे आवाज ऐकू येत असतील, अनेक दिवस अन्न-पाणी किंवा झोप बंद झाली असेल, किंवा रोज दारू पिणाऱ्याने ती एकाएकी सोडल्यावर थरथर, भास किंवा झटके सुरू झाले असतील, तर हिशेब करत बसू नये. जवळच्या सार्वजनिक रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात ताबडतोब जावे, रुग्णाला एकटे सोडू नये, आणि घरातील जास्तीच्या गोळ्या, कीटकनाशके व धारदार वस्तू त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. पैशांचा विचार जीव वाचल्यावर करता येतो.

पहिली पायरी: वर्षाचा खर्च कागदावर मांडावा

कागदाच्या एका बाजूला उपचाराचा उघड खर्च लिहावा: तपासणी फी, औषधे, रक्ताच्या तपासण्या, समुपदेशनाची सत्रे. दुसऱ्या बाजूला लपलेला खर्च लिहावा: जाण्यायेण्याचे भाडे, रुग्णाचा कामावरचा खाडा, सोबत येणाऱ्याचा खाडा, मुलांना किंवा वृद्धांना कोणाकडे ठेवावे लागले तर त्याचा खर्च. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात ही दुसरी बाजू अनेकदा पहिलीपेक्षा जड निघते. दूरच्या रुग्णालयात तपासणी मोफत असली तरी तेथे जाण्यात दोघांचा पूर्ण दिवस जात असेल, तर जवळचा फी घेणारा डॉक्टर प्रत्यक्षात स्वस्त पडू शकतो. हे कागदावर मांडल्याशिवाय दिसत नाही.

किती भेटी धराव्यात, याचा ढोबळ अंदाज बांधता येतो. मध्यम किंवा तीव्र नैराश्यावर औषध सुरू केले तर पहिल्या दोन महिन्यांत साधारणपणे दर दोन ते चार आठवड्यांनी भेट लागते, मग महिन्याने, आणि प्रकृती स्थिरावल्यावर दोन-तीन महिन्यांनी. औषधाचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे आणि पुरता गुण यायला सहा ते आठ आठवडे लागू शकतात. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतरही पहिल्याच वेळच्या आजारात किमान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते. म्हणजे वर्षाचा हिशेब ही अतिशयोक्ती नव्हे. स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमाचा दीर्घ आजार) किंवा बायपोलर आजारात (ज्यात अतिउत्साह आणि नैराश्य आलटून पालटून येते) तो काही वर्षांचा धरावा लागतो, आणि म्हणून तेथे स्वस्त व सलग मिळणारे औषध निवडण्याला आणखी महत्त्व येते.

दुसरी पायरी: नेमकी कोणाची गरज आहे, हे ठरवावे

प्रत्येक त्रासाला मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, आणि काही त्रासांत त्याच्याशिवाय वेळ घालवणे महागात पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली सुरू केलेला एमएच-गॅप हा कार्यक्रम याच विचारावर उभा आहे: नैराश्य, चिंता, मद्याचे व्यसन यांसारख्या नेहमीच्या आजारांची पहिली पातळी सामान्य डॉक्टर आणि प्रशिक्षित आरोग्य कर्मचारी सांभाळू शकतात, आणि गुंतागुंतीचे रुग्ण तेवढे तज्ज्ञांकडे जावेत. याच कार्यक्रमाच्या मार्गदर्शनानुसार सौम्य नैराश्यात सुरुवातीलाच नैराश्यविरोधी गोळ्या देऊ नयेत. तेथे समुपदेशन आणि दिनक्रमातील बदल आधी येतात.

स्वतःच्या त्रासाची तीव्रता जोखण्यासाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली उपयोगी आहे. ती मोफत आहे आणि अनेक भाषांत मिळते. गेल्या दोन आठवड्यांतील त्रासाला प्रत्येक प्रश्नासाठी शून्य ते तीन गुण द्यायचे असतात आणि एकूण गुण २७ पर्यंत जातात. पाच ते नऊ गुण सौम्य, दहा ते चौदा मध्यम, त्यापुढचे अधिक तीव्र असे ढोबळमानाने समजतात. चिंतेसाठी अशीच सात प्रश्नांची जीएडी-७ आहे. या प्रश्नावल्या निदान करत नाहीत. पण पहिल्या भेटीला जाताना गुणांचा कागद हाती असला तर डॉक्टरचा वेळ वाचतो, आणि दर महिन्याला पुन्हा भरल्यास चालू उपचाराने खरोखर फरक पडतो आहे की नाही, हे पैसे खर्च करणाऱ्यालाही कळते. नवव्या प्रश्नात जीव देण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल विचारलेले असते. त्याचे उत्तर शून्याहून वेगळे आले तर एकूण गुण कितीही असोत, डॉक्टरशी तातडीने बोलावे.

भास किंवा भ्रम, झोपेची गरजच न वाटता अनेक दिवस टिकणारा अतिउत्साह, बाळंतपणाच्या आसपासचा आजार, लहान मुलांचा आजार आणि दोन औषधे देऊनही न हटणारे नैराश्य यांत मात्र थेट मनोविकारतज्ज्ञाकडे जावे. येथे एकदा तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि पुढची फेरतपासणी जवळच्या सामान्य डॉक्टरकडे करता येईल का, हे त्याच तज्ज्ञाला विचारावे. ‘पुढचे तीन महिने काय द्यावे, कशावर लक्ष ठेवावे आणि केव्हा परत पाठवावे’ एवढे त्याने जवळच्या डॉक्टरच्या नावाने लिहून दिले तर दूरच्या प्रवासातील बहुतेक खेपा टळतात. हा मार्ग फार कमी जण मागतात.

तिसरी पायरी: मोफत आणि सवलतीची दारे शोधावीत

शोधाची सुरुवात सार्वजनिक रुग्णालयापासून करावी, आणि त्यातही वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाच्या मनोविकार विभागापासून. तेथे गर्दी असते, डॉक्टर बदलत राहतात आणि बोलायला वेळ कमी मिळतो, हे खरे. पण निदान वरिष्ठांच्या नजरेखाली होते, औषधे बहुधा तेथेच मिळतात आणि अनावश्यक औषध खपवण्यात कोणाचा फायदा नसतो. विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांत आणि प्रशिक्षण संस्थांत विद्यार्थी-समुपदेशक अनुभवी पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली अत्यल्प शुल्कात सत्रे घेतात. शिकणाऱ्याकडे जाण्याबद्दल लोकांच्या मनात किंतु असतो. माझ्या मते तो बराचसा अनाठायी आहे, कारण अशा सत्रांची चर्चा दर आठवड्याला जाणत्या व्यक्तीसमोर होते, जी खासगी दवाखान्यात होईलच असे नाही.

कायद्याने काय मिळते, हे आपापल्या देशापुरते नीट वाचून घ्यावे, कारण फरक मोठे आहेत. इंग्लंडमध्ये २००८ साली सुरू झालेल्या सार्वजनिक बोलउपचार सेवेत प्रौढ व्यक्ती डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतः नाव नोंदवू शकते आणि सेवा मोफत असते. भारतातील मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम १८ नुसार दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला, तिच्याकडे तसे कार्ड असो वा नसो, आणि निराधार किंवा बेघर व्यक्तीला, सरकारी किंवा सरकारी निधीवर चालणाऱ्या मानसिक आरोग्य संस्थांत मोफत उपचाराचा हक्क आहे. त्याच कायद्याचे कलम २१ विमा कंपन्यांना शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा देण्याची सोय करायला सांगते. अमेरिकेत २००८ च्या कायद्याने, विमा योजनेत मानसिक आरोग्याचा समावेश असेल तर त्यावर इतर आजारांपेक्षा कडक मर्यादा घालण्यास मनाई केली. कायदा कागदावर असूनही खिडकीवरचा कर्मचारी नकार देतो असे घडते. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा नकार लेखी मागावा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा नकार उरत नाही, आणि उरलाच तर तक्रारीसाठी कागद हाती येतो.

रुग्णालयात ज्या व्यक्तीचा सर्वांत कमी उपयोग करून घेतला जातो ती म्हणजे वैद्यकीय समाजसेवक. शुल्कमाफीचे अर्ज, धर्मादाय निधी, औषधांसाठी मदत करणाऱ्या संस्था, प्रवासातील सवलत यांची माहिती डॉक्टरपेक्षा त्याच्याकडे अधिक असते. पहिल्याच दिवशी त्याचे नाव विचारून भेटून यावे. उत्पन्नाचा दाखला, ओळखपत्र, राहण्याचा पुरावा आणि जुनी वैद्यकीय कागदपत्रे यांच्या दोन-दोन प्रती सोबत ठेवल्या तर एक खेप वाचते.

चौथी पायरी: पहिल्या भेटीची तयारी

गर्दीच्या ओपीडीत मोजकी मिनिटे मिळतात. ती वाया जाऊ नयेत म्हणून एका पानावर लिहून न्यावे: त्रास काय आणि केव्हापासून, झोप-भूक-काम यांवर परिणाम काय, पूर्वी घेतलेल्या औषधांची नावे, मात्रा व किती दिवस घेतली, कशाने बरे वाटले आणि कशाने त्रास झाला, इतर आजार व त्यांच्या गोळ्या, दारू-तंबाखूचे प्रमाण, गर्भधारणेची शक्यता, आणि कुटुंबात कोणाला असा आजार होता का. घरातल्या कोणाला एखादे औषध चांगले लागू पडले असेल तर तेही सांगावे. डॉक्टरला निवड करताना ते उपयोगी पडते.

आणि पैशांबद्दल बोलावे. संकोच येथेच सर्वांत महाग पडतो. ‘औषधांवर महिन्याला मला एवढेच खर्च करता येतील, यात बसेल आणि वर्षभर चालेल असे काही द्या,’ हे वाक्य रकमेसह, चिठ्ठी लिहिली जाण्याआधी म्हणावे. नंतर औषधाच्या दुकानात उभे राहून चारपैकी दोनच गोळ्या घेण्यापेक्षा ते किती तरी बरे, कारण कोणती गोळी वगळली तर चालेल याचा निर्णय दुकानात कोणीच बरोबर घेऊ शकत नाही. यातली प्रत्येक गोळी कशासाठी आहे, कोणती अत्यावश्यक आहे, किती काळ घ्यायची आहे आणि पुढची भेट फोनवर चालेल का, एवढेही विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: औषधांचा खर्च कमी करणे

या भागावर थोडे रेंगाळणे भाग आहे, कारण दीर्घ आजारात दरमहा होणारा खर्च येथेच असतो आणि चुकीच्या काटकसरीने सर्वाधिक नुकसानही येथेच होते.

जागतिक आरोग्य संघटना १९७७ पासून अत्यावश्यक औषधांची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीत नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन आणि अमिट्रिप्टिलिन, भास-भ्रमाच्या आजारांसाठी हॅलोपेरिडॉल व रिस्पेरिडोन, आणि बायपोलर आजारासाठी लिथियम व व्हॅल्प्रोइक आम्ल अशी औषधे आहेत. ही सर्व जुनी औषधे आहेत, त्यांचे पेटंट केव्हाच संपले आहेत आणि ती जेनेरिक रूपात, म्हणजे मूळ कंपनीच्या नावाशिवाय स्वस्तात, मिळतात. जुने म्हणजे कमी प्रतीचे असे मुळीच नाही. बायपोलर आजारात लिथियमची जागा नव्या महागड्या औषधांना आजही पूर्णपणे घेता आलेली नाही. नव्या औषधांचा फायदा बहुधा दुष्परिणाम कमी किंवा वेगळे असण्यात असतो, परिणामकारकतेत नव्हे. म्हणून महाग औषध लिहिले गेले तर ‘याऐवजी अत्यावश्यक यादीतले चालणार नाही का, आणि नसेल तर का?’ असे विचारावे. याला सयुक्तिक उत्तर असू शकते: हृदयविकार असलेल्याला किंवा जीव देण्याचा धोका असलेल्याला अमिट्रिप्टिलिन टाळावे लागते, कारण जास्त मात्रेत ते घातक ठरते.

जेनेरिक औषधात मूळ घटक तोच आणि तेवढाच असतो. चिठ्ठीवर कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव लिहून मागावे. बदल करताना पथ्य एकच: एकदा एका कंपनीचे औषध मानवले की दर महिन्याला कंपनी बदलू नये. लिथियम आणि फिट्ससाठीही वापरली जाणारी औषधे यांत हे पथ्य काटेकोर पाळावे, कारण तेथे रक्तातील पातळीतला लहान फरकही जाणवतो.

संमिश्र गोळ्यांकडे सावधपणे पाहावे. एकाच गोळीत दोन औषधे असली की ती सोयीची वाटते, पण एकाची मात्रा कमी करायची तर दुसरीही कमी होते. आणि त्यातले एक डायझेपाम किंवा क्लोनाझेपाम जातीचे, म्हणजे चिंता शमवून झोप आणणारे, असेल तर नकळत सवय लागते. या जातीच्या गोळ्या साधारणपणे दोन ते चार आठवड्यांपुरत्याच असतात. त्या स्वस्त असतात, लगेच बरे वाटते, म्हणून गरीब रुग्ण मूळ औषध सोडून याच चालू ठेवतो. हा सौदा वाईट आहे. आणि दीर्घकाळ घेतल्यानंतर त्या एकदम बंद केल्या तर फिट येण्याचा धोका असतो.

गोळी मोडून घेण्याने कधीकधी पैसे वाचतात, कारण दुप्पट मात्रेच्या गोळीची किंमत दुप्पट असेलच असे नाही. मात्र मधोमध खाच असलेली साधी गोळीच मोडावी. हळूहळू विरघळणारी गोळी आणि कॅप्सूल मोडू नये. औषधविक्रेत्याला विचारून खात्री करावी.

औषधांचा पुरवठा खंडित होण्याची शक्यता असेल तर तेही डॉक्टरला आधी सांगावे, कारण त्यावरून औषध बदलू शकते. फ्लुओक्सेटिन शरीरातून सावकाश बाहेर पडते, त्यामुळे एखादा दिवस चुकला तर विशेष त्रास होत नाही. पॅरोक्सेटिन किंवा व्हेनलाफॅक्सिन ही नैराश्याचीच औषधे मात्र दोन दिवस चुकले तरी चक्कर, मळमळ आणि अस्वस्थता येऊ शकते. भास-भ्रमाच्या आजारात रोजच्या गोळ्या निभत नसतील तर फ्लुफेनाझिन किंवा हॅलोपेरिडॉलचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन दर दोन ते चार आठवड्यांनी घेता येते. ते जुने असल्यामुळे नव्या इंजेक्शनांपेक्षा खूप स्वस्त पडते.

तपासण्यांबाबत दोन्ही बाजूंनी सावध राहावे. लिथियम घेणाऱ्याने रक्तातील लिथियमची पातळी, मूत्रपिंडे आणि थायरॉईड यांची ठरावीक काळाने तपासणी केलीच पाहिजे, आणि आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके मनाने घेऊ नयेत, कारण त्यांनी लिथियमची पातळी वाढते. क्लोझापिन या भास-भ्रमावरील औषधावर असताना रक्तातील पांढऱ्या पेशींची मोजणी टाळता येत नाही. गर्भधारणा होऊ शकणाऱ्या स्त्रियांना व्हॅल्प्रोएट (वर आलेले व्हॅल्प्रोइक आम्लच) देऊ नये, असाच आजचा वैद्यकीय कल आहे. गर्भाला होणाऱ्या इजेची किंमत कोणत्याही हिशेबात बसत नाही. मरगळ आणि उदासी असताना हिमोग्लोबिन, थायरॉईड व ब-१२ जीवनसत्त्व तपासणे योग्य आहे, कारण यांची कमतरता नैराश्यासारखीच दिसते आणि तिचा उपचार स्वस्त असतो. सरसकट मेंदूचे स्कॅन, ‘ब्रेन मॅपिंग’ किंवा औषध निवडण्यासाठी जनुकीय चाचणी मात्र नैराश्य-चिंतेच्या नेहमीच्या उपचारात आवश्यक नाही.

सहावी पायरी: समुपदेशन परवडेल असे घेणे

बोलून केलेला उपचार हा श्रीमंतांचा उपचार आहे, हा समज पुराव्यापुढे टिकत नाही. झिंबाब्वेत मनोविकारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी आरोग्य केंद्राबाहेरच्या बाकावर बसून समुपदेशन करणाऱ्या आजींचा उपक्रम उभा केला. या स्त्रिया प्रशिक्षित आरोग्य सेविका होत्या, तज्ज्ञ नव्हेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हरारेतील २४ दवाखान्यांतले ५७३ रुग्ण होते; सहा सत्रांच्या या उपक्रमात असलेल्यांची लक्षणे सहा महिन्यांनी इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित सामान्य समुपदेशकांनी सहा ते आठ सत्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्यावर केलेल्या कामाचे निष्कर्ष २०१७ साली आले आणि तेही अनुकूल होते. इंग्लंडमधील ४४० प्रौढांच्या २०१६ च्या चाचणीने तर दाखवले की कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेला ‘वर्तन-सक्रियता’ (ठरवून लहान लहान कामे करत मन सावरणे) हा साधा उपचार अनुभवी तज्ज्ञांनी दिलेल्या बोधात्मक वर्तन उपचाराइतकाच (सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणे बदलण्याचा उपचार) लागू पडला, आणि तोही कमी खर्चात.

या सर्व उपचारांचे दोन धागे समान आहेत: सत्रे मोजकी असतात आणि दोन सत्रांच्या मधल्या काळात घरी काम करायचे असते. समुपदेशक निवडताना हेच पाहावे. पहिल्या भेटीत विचारावे की साधारण किती सत्रे लागतील, प्रत्येक सत्रात काय होईल आणि घरी काय करायचे. ‘पाहू, जसे जमेल तसे’ या उत्तरावर कमी उत्पन्नाच्या व्यक्तीने समाधान मानू नये; आधी सहा सत्रे ठरवून घ्यावीत आणि त्यानंतर पीएचक्यू-९ चे गुण पाहून पुढे जायचे की थांबायचे ते ठरवावे. अनेक खासगी समुपदेशक उत्पन्नानुसार शुल्क घेतात, पण पाटी लावत नाहीत. विचारणाऱ्यालाच ते मिळते. शिक्षण आणि नोंदणी यांची चौकशी करण्यातही संकोच बाळगू नये.

आठवड्याचे सत्र परवडत नसेल तर सुरुवातीची तीन-चार आठवड्याने घेऊन पुढची पंधरवड्याने घेता येतात. गटातील सत्रे स्वस्त पडतात, आणि ती दुय्यम आहेत असे समजू नये: युगांडाच्या खेड्यांत गटातील आंतरवैयक्तिक उपचाराची (ज्यात नातेसंबंधांतील अडचणींवर काम होते) २००३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी यशस्वी ठरली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने त्याची पुस्तिका मोफत उपलब्ध केली. दारूच्या व्यसनासाठी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस ही १९३५ पासूनची चळवळ सदस्यांकडून शुल्क घेत नाही, आणि व्यसनी व्यक्तीच्या कुटुंबीयांसाठी अल-अॅनॉनचे वेगळे गट असतात.

समुपदेशकाची वाट पाहावी लागत असेल तेव्हा वर्तन-सक्रियतेचा गाभा घरीही सुरू करता येतो. आठवडाभर दर दोन तासांनी काय केले आणि मन कसे होते, याला शून्य ते दहा गुण देऊन लिहावे. मग ज्या कामांनंतर गुण थोडेतरी वाढले ती शोधून, दुसऱ्या दिवसाच्या ठरावीक वेळेला त्यांतले एक लहान काम लिहून ठेवावे आणि इच्छा होवो न होवो, वेळ झाली की करावे. इच्छेची वाट पाहिली तर नैराश्यात ती येतच नाही. आधी कृती, मग मन, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे. सौम्य त्रासात हे पुरेसे ठरू शकते. मध्यम किंवा तीव्र त्रासात ते उपचाराची जागा घेत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ताण हाताळण्याची एक सचित्र पुस्तिका ध्वनिफितींसह मोफत प्रसिद्ध केली आहे, ती वाचता न येणाऱ्यालाही वापरता येते.

सातवी पायरी: लपलेला खर्च छाटणे

पहिल्या पायरीतील कागदाची दुसरी बाजू आता पुन्हा समोर घ्यावी. प्रकृती स्थिर झाल्यावर दोन किंवा तीन महिन्यांची औषधे एकदम मागावीत. मात्र जीव देण्याचे विचार अलीकडे आले असतील तर एवढा साठा घरात ठेवू नये, आणि ठेवावाच लागला तर तो दुसऱ्या कोणाच्या ताब्यात असावा. फेरतपासणी फोनवर चालत असेल तर एकाआड एक भेट फोनवर ठरवावी. रक्ततपासणी, औषध आणि समुपदेशन एकाच दिवशी बसवावे. गुंगी आणणारी गोळी रात्री घेता येईल का ते विचारावे, म्हणजे सकाळचे काम बुडत नाही. हा एक प्रश्न कित्येकांची नोकरी वाचवतो.

नोकरीत असणाऱ्याने आजारपणाची रजा आणि कर्मचारी आरोग्य योजना यांची माहिती काढावी, पण वरिष्ठाला निदान सांगण्याआधी नियम वाचावेत. ‘वैद्यकीय कारण’ एवढे लिहिलेले प्रमाणपत्र पुष्कळ ठिकाणी पुरते. आजार दीर्घ असून काम करणे खरोखर अवघड झाले असेल तर अपंगत्व प्रमाणपत्राचा विचार करावा. अनेक देशांत मानसिक आजारालाही ते मिळते आणि त्यावर निवृत्तिवेतन किंवा प्रवाससवलत अवलंबून असते.

आठवी पायरी: पैसे मध्येच संपले तर

हे घडते, आणि घडण्याआधीच त्याची तजवीज असली पाहिजे. शेवटची गोळी संपायला दोन आठवडे असतानाच डॉक्टर, समाजसेवक किंवा औषधविक्रेता यांच्यापैकी एकाला कळवावे. दोन आठवड्यांत स्वस्त पर्याय बसवता येतो, सरकारी दवाखान्यात नाव नोंदवता येते, किंवा औषध थांबवणे अटळच असेल तर मात्रा पायरीपायरीने उतरवता येते. गोळ्या पुरवून पुरवून एकाआड एक दिवस घेणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. त्याने औषधाचा गुण जातो आणि दुष्परिणाम तेवढे राहतात. दोनपैकी एकच औषध परवडत असेल तर कोणते ठेवायचे, हे डॉक्टरला आधीच विचारून चिठ्ठीच्या मागे लिहून ठेवावे. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलर आजारात मूळ औषध कधीही शेवटी कापायचे; आधी समुपदेशनाची सत्रे लांबवावीत, जीवनसत्त्वाच्या आणि भूक-झोपेसाठी जोडीला दिलेल्या गोळ्या कमी करता येतील का ते डॉक्टरला विचारावे, मगच मूळ औषधाकडे वळावे.

आणि उपचार तुटलाच असेल, महिना-दोन महिने गोळ्या बंद असतील, तर लाजेने घरी बसू नये, तसेच जुनी पूर्ण मात्राही आपल्या मनाने एकदम सुरू करू नये. काही औषधे, उदाहरणार्थ क्लोझापिन किंवा लॅमोट्रिजिन, काही दिवस जरी बंद राहिली तरी पुन्हा अगदी लहान मात्रेपासून चढवावी लागतात. जुनी चिठ्ठी, शेवटच्या गोळीची तारीख आणि तेव्हापासून काय बदलले याचे टिपण घेऊन त्याच दवाखान्यात जावे, आणि या वेळी बोलण्याची सुरुवात लक्षणांपासून न करता औषध का तुटले येथून करावी, म्हणजे नवी चिठ्ठी ती अडचण धरून लिहिली जाईल.